उच्छ्वास

मावशीच्या गॅलरीतून आंबील ओढा दिसतो. दोन इमारतींच्या मधल्या फटीतून, सीमाभिंतीच्या पलीकडे, एक करडी पट्टी हलताना दिसते, एवढंच. मी गुहागरकडची. आमच्याकडे अशा पाण्याला पऱ्या म्हणतात, आणि पऱ्या आधी ऐकू येतो, मग दिसतो. म्हणून पुण्यातल्या पहिल्याच संध्याकाळी मी गॅलरीत कान देऊन उभी राहिले. स्कूटरचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी घरातली मालिका. बऱ्याच वेळानं सगळं क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि खालून पाण्याची खळखळ वर आली.

"तो नाला आहे," शेजारचा सातवीतला मुलगा मला म्हणाला.

आतून, पोळ्या लाटता लाटता, मावशीचा आवाज आला. "ओढा म्हण रे. ओढाच आहे तो."

गणपतींचं विसर्जन होऊन आठवडा झाला होता. पाऊस ओसरला होता, पण गेला नव्हता. मी आले होते मावशीला भेटायला. राहिले मात्र चार दिवस या पाण्याच्या मागे चालत.

सुरुवात उगमापासून करायची म्हणून भाच्याला घेऊन कात्रजला गेले. डोंगर आमच्या सह्याद्रीचाच, पण पाठ फिरवून बसलेला. कोकणातून बघावं तर सरळसोट कडे. इथून बघावं तर हिरवे, सावकाश उतरत जाणारे माळ. पाणीही तसंच सावकाश उतरतं. आमचा पऱ्या डोंगरावरून निघाला की तासाभरात समुद्राला टेकतो. कात्रजच्या डोंगरावर पडलेला थेंब मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जातो. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेलं पाणी पहिल्या आठ किलोमीटरमध्येच काळं होतं, हे मला त्या दिवशी अजून बघायचं होतं.

तळ्याकाठी सुट्टीची गर्दी होती. कणसं भाजण्याचा वास, पोरांचा गोंगाट, बाकांवर डबे उघडून बसलेली कुटुंबं. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी इथलं पाणी बांध घालून अडवलं आणि जमिनीखालच्या नळातून शहरात नेलं. जलाशयाला आता त्यांचंच नाव आहे. नळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तोटी येते. कात्रजचा नळ म्हणजे दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला बोगदा, आत माणूस चालत जाऊ शकेल एवढा. कात्रज ते शनिवारवाडा ही वाट साधारण आठ किलोमीटरची, आणि एवढ्या अंतरात पाणी वर उचलायला ना मोट, ना रहाट. जमिनीला जो उतार आहे त्याच्याशी जुळवून घेत, जिथं वळायला हवं तिथं वळत, नळ खाली गेला आहे. वाटेत खोलगट टाक्या ठेवल्या, म्हणजे गाळ तळाशी बसावा आणि निवळलेलं पाणी पुढे सरकावं.

हे काम मला परकं वाटलं नाही. दिवाळी झाली की आमच्या वाडीत घरटी एक माणूस निघतो आणि पऱ्याला बांध घालतो. दगड, पाला, माती. तिथून पाट काढायचा, डोंगराच्या कडेकडेनं, मध्ये घळ आली तर पोफळीचं खोड उभं चिरून त्याची पन्हळ टाकायची आणि पाणी पलीकडे न्यायचं. उतार बघायला आमचे आजोबा पाटात सुपारीचं पान सोडायचे. पान अडलं की तिथली माती काढायची. कात्रजच्या नळाचा उतार काढणाऱ्यांनी काय सोडलं असेल पाण्यात? ते कारागीर कोण, कुठले, हे तळ्यावरच्या पाटीवर नव्हतं. बांधावर हात ठेवून मी थोडा वेळ त्यांच्यासाठी उभी राहिले.

फरक एकच, पण मोठा. आमचा पाट दर पावसाळ्यात मोडतो आणि दर हिवाळ्यात नव्यानं बांधावा लागतो, त्यामुळे पाणी कुठून येतं हे वाडीतल्या पोरालाही पाठ असतं. पेशव्यांचा नळ इतका पक्का बांधला गेला, की तो खाली आहे हे विसरायची लोकांना सोय झाली.

परतीला सातारा रस्त्यानं चालत निघालो. भाच्याला बस हवी होती, पण मला उच्छ्वास बघायचे होते. नळातली हवा कोंडू नये, पाण्याचा दाब सुटावा आणि माणसाला आत उतरून सफाई करता यावी म्हणून वाटेवर जागोजागी बांधलेल्या या उभ्या दगडी वाटा. त्यातले काही अजून शिल्लक आहेत. शोधायला वेळ लागला. एक सापडला तो गाड्यांच्या रांगेमागे, वर पिंपळाचं रोप उगवलेला, अंगावर कुण्या क्लासच्या जाहिरातीचे कागद चिकटवलेला. शेजारच्या टपरीवाल्या काकांना विचारलं, हे काय आहे? "जुनं आहे काहीतरी. देवाचं नाही," ते म्हणाले. मी त्याचं नाव सांगितलं. त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं, मागे वळून त्या दगडांकडे नीट बघितलं आणि शब्द स्वतःशी म्हणून पाहिला: "उच्छ्वास." मग चहाचे पैसे घेईनात. कोकणात पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ देतात. पुणेरी माणूस हिशेबाला पक्का असं ऐकत मोठी झालेली मी. त्या दुपारी ते ऐकलेलं सगळं मागे पडलं.

किती चांगला शब्द आहे. ज्यांनी हे बांधकाम केलं त्यांना पाणी श्वास घेणारं वाटत होतं. पुढे आपण त्याच पाण्याला आधी ओढा, मग नाला, मग गटार म्हणायला लागलो. घरात येणारं ते पाणी आणि घरातून जाणारं ते सांडपाणी, अशी वाटणी झाली की मधल्या वाहत्या पाण्याला नावच उरत नाही. आमच्याकडेही हे सुरू झालंय. बाजारपेठेजवळच्या पऱ्याला गेली काही वर्षं लोक नाला म्हणतात, आणि नाला म्हटल्यापासून त्यात पिशव्या टाकायला कुणाला काही वाटेनासं झालं आहे.

ओढ्याच्या काठानं सहकारनगरकडे येताना पाण्याचा रंग बदलत गेला. आधी कात्रजच्या मातीचा, मग साबणाच्या फेसाचा, मग बिनरंगाचा काळा. काठावर राडारोडा. हा शब्द मी पुण्यात शिकले. पाडलेल्या घराच्या विटा, फुटक्या फरश्या, तुटलेलं बेसिन, असं सगळं रात्री आणून ओढ्याच्या काठावर ओततात. दर वर्षी हातभर पात्र कमी होतं आणि काठाची जमीन हातभर वाढते. कुठे भिंत पात्रात सरकलेली, कुठे वरून स्लॅब टाकून गाड्या उभ्या केलेल्या.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि ओढ्यानं ही सगळी जमीन परत मागितली. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली. पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली, घरं गेली, गोठ्यांत बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. मावशीच्या इमारतीत तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. ती दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचली. खालच्या घरातल्या आजींना जिन्यावरून वर ओढून घेताना तिचा खांदा निखळला, तो अजून थंडीत दुखतो.

"पानशेत फुटलं तेव्हा मी लहान होते," ती म्हणाली. ते १९६१ साल, १२ जुलै. "तेव्हा नदी आली होती गं. नदी येते हे माहीत असतं. या ओढ्याला आम्ही कधी मोजलंच नव्हतं."

टांगेवाले कॉलनीतल्या एका ताईंनी मला घरात बोलावलं. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर पाण्याची रेघ. दोनदा रंग काढूनही ती वर येते, म्हणाल्या. त्यांनी गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. मी म्हटलं, आमच्याकडे तांदळाची भाकरी. त्या म्हणाल्या, ती फार मऊ, तिला चावावं लागत नाही, मग जेवल्यासारखं कसं वाटतं? आम्ही दोघी भाकरीवर बोलत बसलो, आणि दोघींची नजर अधूनमधून त्या रेघेकडे जात राहिली. वस्ती काठावर का, हा प्रश्न शहरात फार जण विचारतात. त्यांना दुसरी कुठली जागा परवडली असती, हे त्यांच्याच दारात उभं राहून कुणी विचारलेलं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पर्वती. चढताना दम लागला, पण वर गेल्यावर सगळा नकाशा पायाशी पसरला. हे देऊळ नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधलं, आणि ओढ्याची दिशा बदलली तीही याच डोंगराच्या पायथ्याशी. जुनं पुणं तीन पाण्यांच्या कुशीत होतं: उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. तेव्हा ओढा आजच्या पेठांमधूनच वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळायचा. शहर वाढायला लागलं तसा तो आडवा यायला लागला. मग पर्वतीखाली बांध घातला, तळं केलं, ओढा पश्चिमेला वळवला. आज तो दांडेकर पुलाखालून जातो. रिकाम्या झालेल्या जमिनीवर पेठा वसल्या. तळ्याच्या मधोमध बेटावर गणपती बसवला, त्याला अजून तळ्यातला गणपती म्हणतात. तळं मात्र आटवून त्याची बाग झाली, सारसबाग. मी खाली उतरून देवळात गेले. कमळाच्या छोट्या हौदापुढे, हिरवळीवर, लोक भेळ खात बसले होते. एका बाईंना विचारलं, याला तळ्यातला का म्हणतात? त्यांनी त्या कमळाच्या हौदाकडे बोट दाखवलं.

पर्वतीवरून जे दिसलं ते खाली आल्यावरही मनातून जाईना. ओढा वळवणं ही माणसाची जुनी गरज आहे, त्यात मला पाप दिसत नाही. आमचा पाट दुसरं काय करतो? पण पेशव्यांनी ओढा वळवला तेव्हा त्याला दुसरी वाट दिली, पुरेशी रुंद. आम्ही ती वाटही विकली, हा माझा राग आहे, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

पेठांमध्ये शिरले ती हौद शोधत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव पेठ हौद. पुण्यात हौद पत्त्यांमध्ये जिवंत आहेत. रिक्षावाल्याला फडके हौद सांगा, तो नेऊन सोडतो. हौद कुठाय विचारा, तो चौक दाखवतो. कात्रजचं पाणी या हौदांत उतरायचं. नंतर सरदारांनी आपापले नळ आणले, नाना फडणवीसांनी आंबेगावहून, रास्त्यांनी कोंढव्याहून. म्हणजे एके काळी या बोळांच्या खाली पाण्याचं दुसरं शहर होतं.

एका जुन्या वाड्यात, ओळखीच्या ओळखीनं, हौद बघायला मिळाला. मालक काका सत्तरीचे, पांढरा सदरा. दारातच त्यांनी घड्याळ बघितलं आणि वेळेवर आल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. चौकातली लोखंडी झाकणी दोघांनी मिळून सरकवली. आत गार अंधार आणि खूप खाली एक चकाकी. काकांनी खडा टाकला. डुबुक. "पावसाळ्यात अजून चढतं पाणी," ते म्हणाले. "खडकवासल्याचं पाणी आलं तसं आजोबांच्या वेळेपासून याचा वापर कमी होत गेला. पण ते येतं. बोलावलं नाही तरी येतं." त्यांच्या पत्नीनं साखर-वेलचीचं दूध दिलं, आणि आम्ही झाकणी लावायचं विसरून बराच वेळ त्या अंधाराभोवती बसून राहिलो.

फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ तो बांधला. घरात तिला बाहुली म्हणत. बाप पोरीच्या नावानं देऊळ बांधू शकला असता. त्यानं लोकांसाठी पाणी ठेवलं.

घोले जोतीराव फुल्यांचे सहकारी. म्हणून तिथून पाय आपसूक गंज पेठेकडे वळले. रस्ता बदलतो तसे आवाज बदलतात: इकडे पत्र्याची ठोकाठोक, भंगाराच्या हातगाड्या, मटणाच्या दुकानापुढची रांग. फुलेवाडा त्या गजबजाटात शांत आहे. अंगणात तुळशीवृंदावन, तीच त्यांची समाधी. ओट्यावर शाळेची सहल बसली होती, बाई मुलांना सांगत होत्या: १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका मुलानं विचारलं, "बंद का होता?" बाई क्षणभर थांबल्या. मग खाली बसल्या, मुलांच्या उंचीला आल्या आणि सांगायला लागल्या.

मी ऐकत राहिले. आल्यापासून मी दगडाचं, उताराचं, उच्छ्वासाचं कौतुक करत फिरत होते. त्या सुरेख हौदांतल्या किती हौदांना या पेठेतल्या माणसांचा हात लागू दिला जात होता? आणि आमचा पऱ्या? आजी सांगायची, वरच्या अंगाला आपलं पाणी, खालच्या अंगाला त्यांचं. पाट काढायला मात्र त्यांचेच हात असायचे. लहानपणी हे मी गोष्टीसारखं ऐकलं होतं. फुल्यांच्या अंगणात ते पहिल्यांदा मला गोष्टीसारखं वाटेना. पाटाच्या पाण्याची जी पाळी मी अभिमानानं सगळ्यांना सांगते, त्या पाळीच्या वहीत कुणाकुणाची नावं कधीच नव्हती, हे घरी गेल्यावर मला माझ्या काकांना विचारायचं आहे.

नागझरी तिथून जवळच. नाव ऐकून मनात थेंबथेंब पाझरणारं काहीतरी येतं. दारूवाला पुलावर थांबून खाली बघितलं तर काळं पाणी, थर्माकोल, उशीचा कापूस. दोन्ही काठांच्या घरांनी ओढ्याकडे पाठ केलेली; मागच्या भिंतींतून पाइप बाहेर आलेले, प्रत्येक पाइप थेट झरीत. आमच्याकडेही घराचं मागचं दार पऱ्याकडे उघडतं, पण तिथं धुण्याचा दगड असतो, केळ असते, संध्याकाळी पाय सोडून बसणारी एखादी म्हातारी असते. पुलावर एक आजोबा पेरू विकत होते. त्यांनी मीठ-तिखट लावून एक फोड हातावर ठेवली. "आम्ही मासे धरलेत यात," ते म्हणाले. "टॉवेलनं. तुम्हाला खरं वाटणार नाही." मला वाटलं. मीही टॉवेलनंच धरत असे.

सोमवार पेठेत, याच झरीच्या जुन्या काठाला, त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये ते बांधायला घेतलं, १७७० मध्ये मूर्ती बसली. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर कोरीवकामाची दाटी; त्यात एक इंग्रज शिपाई साखळीनं गेंडा बांधतोय. बंगाल नुकताच इंग्रजांच्या हातात गेला होता, आणि पुण्याच्या गोसाव्याच्या देवळावर त्याची खबर दगडात उमटली. पण मी आले होते तळघरासाठी. तिथं जमिनीखाली पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून तळघर दर्शनाला उघडतात; एरवी पाणी आपल्या जागी परत येऊन बसतं.

गाभाऱ्यात कुणी नव्हतं. मी फरशीवर बसले, मग चटकन वाकून दगडाला कान लावला. थंडगार दगड. बाहेर लाउडस्पीकर, ट्रक मागे घेताना वाजतो तो बझर. आतून आवाज आला असं म्हणणं खोटं होईल. पण ओल होती. गाल भिजल्यासारखा झाला आणि घरच्या डोणीचा, शेवाळाचा, सुपारीच्या बागेतल्या पहाटेचा वास आला.

शेवटी संगमावर गेले. मुळा आणि मुठा दोघी जलपर्णीखाली गप्प. तिथं फार थांबले नाही.

त्या रात्री पाऊस आला. साडेनऊला सुरू झाला तो वाढतच गेला. जेवण झाल्यावर मावशीनं मागचं आवरलं, मग काही न बोलता कपाटावरून एक निळी पिशवी काढून दाराशी ठेवली. आत रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं, औषधं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो. २०१९ पासून ती पिशवी भरलेली आहे. जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावरची माणसं आपापल्या गाड्या चढावर नेऊन लावत होती. ठरवल्यासारखी, न बोलता.

मावशी गॅलरीत गेली, मी तिच्या मागे. लाइट गेले होते. दोन इमारतींच्या फटीत काहीच दिसत नव्हतं. शेजारचा तो सातवीतला मुलगाही त्यांच्या गॅलरीत उभा होता, हातात टॉर्च. त्याचा झोत सीमाभिंतीपर्यंत पोचत होता आणि तिथंच पावसात विरत होता.

"टॉर्च बंद कर," मावशी त्याला म्हणाली. "ऐक."

त्यानं बंद केला. आम्ही तिघं अंधारात उभे राहिलो.

"वरून दगड यायला लागले की आवाज जड होतो," मावशी म्हणाली. "अजून हलका आहे."

मुलानं कठड्यावरून मान बाहेर काढली. बराच वेळ तो तसाच होता. मग म्हणाला, "आजी, ओढा वाढला तर मी तुम्हाला उठवतो."

"बरं," मावशी म्हणाली, आणि खुर्ची ओढून गॅलरीतच बसली.